एक अ‍ॅरे, पंचवीस गट आणि पुन्हा पुन्हा ओलांडलेली हद्द: लिनक्सच्या क्यूएफक्यू शेड्युलरचं प्रकरण

एप्रिल २०२३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) क्यूएफक्यू या पॅकेट शेड्युलरमध्ये एक छोटी दुरुस्ती आली. एक 'इफ' अट आधी दुसऱ्या 'इफ'च्या पोटात होती, ती बाहेर काढली. बाकी फाइल जशीच्या तशी. चूक होती ती अ‍ॅरेच्या, म्हणजे ठरावीक लांबीच्या यादीच्या, हद्दीबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याची. तिला सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२३-३१४३६ हा क्रमांक मिळाला आणि स्टेबल कर्नलच्या ६.२.१३ आवृत्तीत दुरुस्ती पोचली.

इथेच हे संपलं असतं तर त्यावर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण जुलैमध्ये त्याच फाइलमध्ये, त्याच अ‍ॅरेपायी, आणखी दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. एक होती सीव्हीई-२०२३-३६११ साठी, म्हणजे तिथेच पोचणाऱ्या दुसऱ्या वाटेसाठी. दुसरी होती एप्रिलमधलीच अट परत आणण्यासाठी, कारण मधल्या काळात ती कोडमधून गायब झाली होती. मेमरी सेफ्टीच्या, म्हणजे प्रोग्रामने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावण्याच्या, चुका 'बाहेरून आलेला आकडा तपासा' या एका वाक्यात निकाली निघत नाहीत. तो तपास कुठे करायचा हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो समजून घ्यायला या प्रकरणासारखं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी हा शेड्युलर काय करतो ते पाहू. नेटवर्क कार्डाकडे निघालेली पॅकेट्स कर्नलमध्ये रांगेत थांबतात. कुणाचं पॅकेट आधी सोडायचं हे ठरवणाऱ्या भागाला लिनक्समध्ये क्यूडिस्क म्हणतात आणि 'टीसी' या आज्ञेने तो लावता येतो. क्यूएफक्यू म्हणजे क्विक फेअर क्यूइंग. फाबिओ चेक्कोनी, लुइजी रिझ्झो आणि पाओलो व्हालेंते या इटालियन संशोधकांचं हे काम. वाहतुकीचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाला वजन द्यायचं, आणि वजनाच्या प्रमाणात बँडविड्थ वाटायची. हे काम वर्ग कितीही असले तरी प्रत्येक पॅकेटमागे जवळजवळ ठरावीक वेळात करायचं, ही क्यूएफक्यूची खासियत.

ती साधण्यासाठी वर्गांना गटांमध्ये टाकलं जातं. वर्गाचं सर्वांत मोठं पॅकेट केवढं, हा आकडा कोडमध्ये 'एलमॅक्स' या नावाने वावरतो. एलमॅक्सला वजनाने भागलं की वर्गाचा 'स्लॉट' मिळतो. स्लॉटच्या आकाराचा दोनच्या पायावरचा लॉगरिदम काढला की गटाचा क्रमांक. मग कुठल्या गटात काम शिल्लक आहे ते एका बिटमॅपमध्ये (दर गटामागे एक बिट) दिसतं आणि प्रोसेसरच्या एका सूचनेने पुढचा गट निवडता येतो. फार सुंदर रचना आहे ही, आणि तिच्यावर माझा राग अजिबात नाही.

गट ठेवायला एक ठरावीक लांबीचा अ‍ॅरे आहे: ० ते २४, एकूण २५ जागा. पंचवीसच का, याचं उत्तर गणितात आहे. वजन १ ते १०२४ च्या दरम्यान आणि एलमॅक्स ५१२ ते ६५,५३६ च्या दरम्यान असेल, तर क्रमांक २४ च्या वर जाऊच शकत नाही. हे कागदावर सिद्ध झालेलं आहे, म्हणून क्रमांक काढणारं 'कॅल्क_इंडेक्स' हे फंक्शन खालची बाजू शून्यावर रोखतं आणि वरची बाजू तपासतच नाही. सिद्धता बरोबर आहे. मात्र ती एलमॅक्सच्या मर्यादेवर उभी आहे, आणि ती मर्यादा राखण्याची जबाबदारी फाइलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कोडवर सोडलेली होती.

आकडे घालून पाहू. कर्नलमध्ये अपूर्णांक वापरत नाहीत, म्हणून वजनाचा व्यस्त २ च्या ३० व्या घाताने गुणून ठेवतात. वजन १ असेल तर हा व्यस्त म्हणजे थेट २ चा ३० वा घात. एलमॅक्स परवानगीतला सर्वांत मोठा, ६५,५३६, म्हणजे २ चा १६ वा घात घेतला. गुणाकार झाला २ चा ४६ वा घात. उपकरणाच्या रांगेची लांबी नेहमीची १००० असेल तर यातून उजवीकडचे २५ बिट टाकले जातात, उरतो २१ वा घात, आणि गट क्रमांक येतो २१. आता एलमॅक्स २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी घ्या. गुणाकार ६० वा घात, २५ बिट गेले, गट क्रमांक ३५. एलमॅक्स दर वेळी दुप्पट झाला की क्रमांक एकाने वर सरकतो, आणि थांब म्हणणारं तिथे कुणी नाही.

६४ बिट मशीनवर एक गट २९६ बाइट जागा घेतो. पंचवीस गटांचे झाले ७,४०० बाइट. शेड्युलरची बाकीची माहिती धरून ही सगळी वस्तू ८,१९२ बाइटच्या एका तुकड्यात बसते. ३५ क्रमांकाचा 'गट' अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून १०,३६० व्या बाइटवर येतो. म्हणजे तो शेजारच्या तुकड्यात आहे, जिथे कर्नलची दुसरीच कुठली तरी वस्तू राहते. शेड्युलर तिथले बाइट गटाचे म्हणून वाचतो, आणि पुढे गटाचे म्हणून तिथे लिहितोही: आभासी वेळेचे आकडे, बिटमॅप, यादीचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते). कर्नलच्या आत शेजारच्या वस्तूवर पॉइंटर लिहिता येणं हे हल्लेखोराला हवं असलेलंच साधन आहे.

मग १०७ कोटींचा एलमॅक्स आत शिरला कसा?

वर्ग तयार करताना वापरकर्ता एलमॅक्स सांगू शकतो, किंवा न सांगता सोडू शकतो. सांगितला तर कोड तो तपासत असे आणि हद्दीबाहेर असेल तर चूक म्हणून परत पाठवत असे. सांगितला नाही तर कोड उपकरणाचा एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) घेई आणि त्यात हेडरची लांबी मिळवी. या दुसऱ्या फाट्यावर तपास नव्हता. का नसावा, हे समजू शकतं. एमटीयू हा उपकरणाचा गुणधर्म, इथरनेटवर तो १,५०० असतो, जम्बो फ्रेम धरल्या तरी ९,००० च्या आसपास. तो काही 'वापरकर्त्याने दिलेला' आकडा वाटत नाही. पण लूपबॅक या, मशीन स्वतःशीच बोलतं त्या आभासी उपकरणाचा एमटीयू २ चा ३१ वा घात वजा एक इथपर्यंत वाढवता येतो. एमटीयू वाढवायचा, एलमॅक्स न सांगता वर्ग तयार करायचा, आणि तपासाला वळसा घालून आकडा आत. दिंडीवर पहारा आणि परसदार सताड उघडं, अशी ती अवस्था होती.

यात एक गोष्ट शोध घेणाऱ्याला चकवते. चुकीचा क्रमांक निघतो तो वर्ग तयार होताना, पण त्या क्षणी काहीच बिघडत नाही. 'अपडेट_अ‍ॅग' हे फंक्शन फक्त एक पत्ता मोजून पॉइंटरमध्ये ठेवतं. ('अ‍ॅग' म्हणजे अ‍ॅग्रिगेट, सारखं वजन आणि सारखा एलमॅक्स असलेल्या वर्गांचा संच.) पत्ता मोजणं म्हणजे मेमरीला हात लावणं नव्हे. हात लागतो तो नंतर, त्या वर्गातलं पॅकेट येतं आणि 'अ‍ॅक्टिव्हेट_अ‍ॅग' चालतं तेव्हा. म्हणूनच केसॅनच्या अहवालात आणि एप्रिलच्या पॅचच्या मथळ्यातही 'अ‍ॅक्टिव्हेट_अ‍ॅग'मधला हद्दीबाहेरचा वापर असं दिसतं, आणि प्रत्यक्ष बदल मात्र 'चेंज_क्लास' या फंक्शनमध्ये आहे. केसॅन हे कर्नलमधलं मेमरी तपासनीस साधन. ते प्रत्येक तुकड्याभोवतीची जागा निषिद्ध म्हणून नोंदवून ठेवतं आणि तिथे वाचन-लेखन झालं की लगेच ओरडतं. ते नसतं तर हा बिघाड शेजारच्या भलत्याच वस्तूत, भलत्याच वेळी प्रकट झाला असता आणि शेड्युलरकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

टीसी चालवायला प्रशासकाचे हक्क लागतात, मग एवढी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. हा आक्षेप आता टिकत नाही. बहुतेक वितरणांत (कर्नलभोवती बांधलेल्या तयार लिनक्सांत) साधा वापरकर्ताही स्वतःसाठी नवी यूझर नेमस्पेस आणि नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळा कप्पा, उघडू शकतो. तिच्या आत त्याला नेटवर्क प्रशासकाचा हक्क मिळतो, स्वतःचा लूपबॅक मिळतो, आणि क्यूएफक्यूचं मॉड्यूल (हवा तेव्हा जोडता येणारा कर्नलचा भाग) लोड नसेल तर मागणी येताच कर्नल ते स्वतः लोड करून घेतो. हा हक्क नेमस्पेसपुरता असला तरी शेड्युलरचा कोड त्याच एका कर्नलमध्ये चालतो. म्हणून कुणीही न वापरणारा, कोपऱ्यातला शेड्युलर हा सगळ्या मशीनचा प्रश्न होतो.

एप्रिलची दुरुस्ती सरळ होती. एलमॅक्स वापरकर्त्याकडून आला असो वा एमटीयूतून, दोन्ही फाटे जिथे पुन्हा एकत्र येतात तिथे तपास ठेवला. याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. लूपबॅकचा मूळचा एमटीयूच ६५,५३६ असतो, त्यात हेडरचे १४ बाइट मिळवले की ६५,५५० होतात, म्हणजे मर्यादेच्या वर. तेव्हा लूपबॅकवर एलमॅक्स न सांगता क्यूएफक्यूचा वर्ग करायला गेलं तर आता नकार मिळतो. पूर्वी तिथे अ‍ॅरेची हद्द ओलांडली जात नव्हती. पण लूपबॅकवर क्यूएफक्यू लावण्याची खरी गरज कुणाला पडते? ही किंमत मला मान्य आहे.

त्याच सुमारास क्यूएफक्यूमधला पॅरामीटर वाचण्याचा भाग नीटनेटका करण्याचं कामही चालू होतं. नेटलिंकच्या (प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातल्या संवादमार्गाच्या) संदेशात येणारे आकडे हाताने तपासण्याऐवजी 'पॉलिसी' नावाच्या तक्त्यात किमान-कमाल लिहून ठेवायचे, म्हणजे कर्नलचा सामायिक कोड आकडा आत घेण्याआधीच तपासतो. ही पद्धत चांगली आहे, चुकीचा संदेशही वापरकर्त्याला स्पष्ट मिळतो. एलमॅक्सची ५१२ ते ६५,५३६ ही मर्यादा त्या तक्त्यात गेली, आणि खालचा हाताने केलेला तपास आता दुहेरी म्हणून काढला गेला. पण तो दुहेरी नव्हता. तक्ता फक्त संदेशात आलेल्या आकड्याला लागू होतो. एलमॅक्स संदेशात नसेल तर तक्त्याला तपासायला काही नाही, आणि एमटीयूचा फाटा पुन्हा मोकळा. ६.४ कर्नल या अवस्थेत बाहेर पडला.

इथे कुणाला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. काढलेल्या अटीकडे पाहून ती दोन वेगळ्या उगमांसाठी आहे हे कळायला मार्ग नव्हता. शेजारी टीप नव्हती, आणि ती काढल्यावर नापास होईल अशी चाचणीही नव्हती. जुलैमध्ये अट परत आली तेव्हा एमटीयूच्या फाट्यावर एक ओळीची टीप लिहिली गेली: एमटीयूचा आकार वापरकर्त्याच्या हातात असतो. मला ती टीप कोडइतकीच महत्त्वाची वाटते. पुढचा माणूस ती वाचल्याशिवाय अट काढू शकणार नाही.

जुलैमधली दुसरी दुरुस्ती अधिक खोलातली आहे. वर्ग तयार करताना एलमॅक्स कितीही नीट तपासला, तरी तो पुढे वाढू शकतो. रांगेत पॅकेट घालणारं 'एन्क्यू' फंक्शन पाहतं, की आलेलं पॅकेट एलमॅक्सपेक्षा मोठं आहे का. असेल तर 'चेंज_अ‍ॅग'ला बोलावून वर्गाचा एलमॅक्स पॅकेटएवढा करून घेतं. इथे कोणताही तपास नव्हता, कारण पॅकेटची लांबी निसर्गतःच मर्यादित असते असं गृहीत होतं.

पण हा कोड पॅकेटची खरी लांबी वाचत नाही. तो वाचतो क्यूडिस्कने धरलेली हिशेबाची लांबी. दोन्हींत फरक पडण्याचं कारण रास्त आहे. डीएसएलच्या जुन्या एटीएम जोडणीत माहितीच्या दर ४८ बाइटमागे तारेवर ५३ बाइट जातात, वर पीपीपीओई या जोडणी-पद्धतीच्या हेडरचं ओझं वेगळं. हा वाढीव भार हिशेबात धरला नाही तर शेड्युलरचा वेगाचा अंदाज चुकतो आणि रांग मोडेममध्ये साचते. म्हणून टीसीमध्ये 'स्टॅब' नावाची सोय आहे: पॅकेटमागे इतका ओव्हरहेड धरा, असं सांगता येतं. खऱ्या जगात हा आकडा काही दहा बाइटांचा. पण स्टॅबमध्ये ओव्हरहेडला अशी वरची मर्यादा नव्हती. दुरुस्तीसोबतच्या उदाहरणात तो ९९,९९,९९,९९९ घेतला आहे. मग एक साधा पिंग गेला तरी त्याची हिशेबातली लांबी शंभर कोटींच्या घरात, एलमॅक्स तेवढा, आणि गट क्रमांक पुन्हा अ‍ॅरेच्या बाहेर.

उपाय म्हणून 'चेंज_अ‍ॅग'च्या सुरुवातीलाच अट आली: एलमॅक्स कमाल मर्यादेच्या वर असेल तर चूक परत करा. मग 'एन्क्यू' ते पॅकेट टाकून देतं आणि टाकलेल्यांच्या मोजणीत एकाने भर घालतं. अवास्तव ओव्हरहेड लावणाऱ्याची पॅकेट्स जाणार नाहीत, एवढंच.

आता थोडं मागे, कारण या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. 'एन्क्यू'मध्ये एलमॅक्स आपोआप वाढवण्याची सोय २०१२ मध्ये आली, आणि तीही याच प्रकारचा बिघाड दुरुस्त करताना. तेव्हा टीएसओ आणि जीएसओमुळे, म्हणजे अनेक पॅकेट्सचा एकच मोठा गठ्ठा करून कार्डाकडे देण्याच्या पद्धतीमुळे, एमटीयूपेक्षा कितीतरी मोठे गठ्ठे शेड्युलरपर्यंत येऊ लागले होते. वर्गाने जाहीर केलेला एलमॅक्स खोटा ठरत होता आणि याद्यांची रचना बिघडत होती. व्हालेंते यांच्या पॅचने दोन गोष्टी केल्या: पॅकेटची कमाल मर्यादा ६४ केबीपर्यंत नेली, आणि जाहीर केलेल्यापेक्षा मोठं पॅकेट आलं की एलमॅक्स वाढवायची सोय केली. त्या क्षणी दोन्ही बरोबर होत्या. गठ्ठा ६४ केबीच्या वर जात नव्हता, त्यामुळे दुसऱ्या सोयीला वेगळी मर्यादा लागेल असं दिसलं नाही. एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीत मूळ चूक आणणारा बदल म्हणून नोंद आहे ती याच २०१२ च्या पॅचची. दहा वर्षांहून अधिक काळ ही वाट उघडी होती.

दुरुस्त्यांच्या जागेबद्दल माझं मत असं. एलमॅक्स आत येण्याच्या दोन वाटा आहेत, 'चेंज_क्लास' आणि 'चेंज_अ‍ॅग'. नाव सारखं असलं तरी पहिली दुसरीतून जात नाही, ती स्वतःच नवा अ‍ॅग्रिगेट शोधते किंवा बनवते. म्हणून आज पहारे दोन ठिकाणी आहेत, आणि उद्या कुणी तिसरी वाट काढली तर तिथे तिसरा पहारा आठवणीने लावावा लागेल. दोन्ही वाटा जिथे मिळतात ती जागा म्हणजे 'अपडेट_अ‍ॅग', जिथे क्रमांक निघून पॉइंटर भरला जातो. क्रमांक २४ च्या वर आहे का, हा एकच प्रश्न तिथे विचारला तर सगळ्या वाटा झाकल्या जातात. वेळेचा प्रश्नही नाही, कारण हे काम दर पॅकेटला होत नाही, अ‍ॅग्रिगेटमधले वर्ग बदलले की होतं.

अडचण वेगळीच आहे, आणि ती खरी आहे. 'अपडेट_अ‍ॅग' काहीच परत करत नाही. तिथे पोचेपर्यंत वर्ग जुन्या अ‍ॅग्रिगेटमधून काढलेला असू शकतो, मग नकार द्यायचा तर सगळं उलट फिरवावं लागेल. सुरुवातीलाच नकार दिला की काहीच बदललेलं नसतं, हा दाराशी तपास करण्याचा मोठा फायदा. म्हणून मला दोन्ही हवे आहेत: दाराशी नकार, आणि अ‍ॅरेच्या अगदी जवळ एक शेवटची अट, जी क्रमांक २४ वर रोखेल आणि लॉगमध्ये इशारा लिहील. रोखल्याने वाटपाचा न्याय बिघडेल, पण मेमरी शाबूत राहील. ही कल्पना त्या फाइलला परकी नाही. गटाच्या आतल्या ३२ स्लॉटमध्ये वर्ग घालणारं 'स्लॉट_इन्सर्ट' नेमकं हेच करतं: स्लॉटचा क्रमांक फार पुढे जात असेल तर वेळेचे आकडे मागे ओढून त्याला हद्दीत बसवतं. स्लॉटच्या अ‍ॅरेला जी काळजी मिळाली ती गटांच्या अ‍ॅरेला या तिन्ही दुरुस्त्यांत मिळाली नाही.

जुलैच्या मालिकेत दोन दुरुस्त्यांसोबत दोन चाचण्याही आल्या, एक एमटीयूसाठी आणि एक स्टॅबसाठी. त्या कर्नलच्याच टीसी चाचणीसंचात राहतात. पुन्हा कुणी कोड नीटनेटका करताना अट काढली तर आता यंत्रच सांगेल.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एप्रिलची दुरुस्ती असलेला कर्नल म्हणजे दोन्ही चुकांपासून सुरक्षित कर्नल नव्हे. वितरणाच्या सुरक्षा सूचनांत दोन्ही सीव्हीई क्रमांक शोधावेत. कर्नल लगेच बदलता येत नसेल आणि क्यूएफक्यू वापरात नसेल, तर 'एससीएच_क्यूएफक्यू' मॉड्यूल लोड होऊ न देणं हा लगेचचा उपाय. मॉडप्रोब या मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये नुसतं ब्लॅकलिस्टला नाव घालण्यापेक्षा 'इन्स्टॉल' ओळीने त्या नावाला 'बिन/फॉल्स'कडे (काहीच न करता फक्त अपयश कळवणाऱ्या आज्ञेकडे) वळवावं, म्हणजे नाव घेऊन मागितलं तरी ते लोड होत नाही. कंटेनर किंवा ब्राउझरच्या सँडबॉक्ससाठी यूझर नेमस्पेस लागत नसतील, तर त्यांची कमाल संख्या शून्यावर आणता येते. उबुंटूने २४.०४ पासून अ‍ॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेच्या मदतीने साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसना मुळातच लगाम घातला आहे, आणि कर्नलच्या नेट-शेड (पॅकेट शेड्युलरांच्या) विभागातल्या अशा कितीतरी चुकांची वाट त्याने अरुंद होते.